ताशी ८० ला येणारी थरथर

जुन्या गाडीच्या आवाजांची सवय होते, थरथरीची होत नाही. दाराची कुरकुर किंवा डॅशबोर्डच्या आतली टकटक काही दिवसांनी ऐकूच येईनाशी होते. पण ठराविक वेगाला आसनाखालून सुरू होणारा बारीक कंप दर वेळी नव्याने अस्वस्थ करतो. आरशातले मागचे दृश्य धूसर होते, गिअरच्या दांड्यावरच्या हाताला मुंग्या येतात, आणि वेग थोडा वाढवला की तो कंप एकतर विरतो किंवा गाडी बाजूला घ्यावीशी वाटण्याइतका चढतो. माझ्या गाडीत तो ताशी ७० च्या सुमारास जाणवू लागे आणि ८० ला भरात येई. गाडी जुन्या धाटणीची आहे: इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि या दोहोंच्या मध्ये गाडीच्या पोटाखालून जाणारा एका तुकड्याचा प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस जॉइंट, म्हणजे कोनात राहूनही फिरणे पुढे पोचवणारा जोड, असतो, आणि स्प्रिंगा वरखाली होताना शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून पुढच्या टोकाजवळ स्प्लाइनचा, म्हणजे लांबट दात्यांचा, सरकता जोड असतो. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाड्यांचे आखूड शाफ्ट आणि त्यांचे जॉइंट निराळ्या जातीचे असतात. वळताना येणारी कटकट आणि फाटलेले रबरी बूट ही त्यांची लक्षणे, त्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

अशा थरथरीवर सल्ल्यांची कधीच वानवा नसते. टायर बॅलन्स करून घ्या, जॉइंट बदला, नाहीतर शाफ्टच बदलून टाका, असे जो तो सांगतो, आणि यांतला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीपुरता खरा असतो. अडचण अशी, की अंदाजाने सुटे भाग बदलत गेल्यावर कंप गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही, आणि न गेल्यास आपण मूळ दोषाच्या जवळ आलो की लांब गेलो हेही कळत नाही. गाडी चालवणाऱ्या माणसाकडे वेळ असतो, तोच रस्ता पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याची मुभा असते, आणि तो कंप रोज त्याच्या अंगाखाली असतो. हे भांडवल कुठल्याही कारागिराकडे नसते. म्हणून पाना हातात घेण्याआधी वही-पेन्सिल घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

हिशेब शाळेतल्या गणितापलीकडचा नाही. चाकाचा परीघ २ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजेच चाकाचे सेकंदाला ११ फेरे. डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या दातेरी चाकांचे, गुणोत्तर ४ असेल, तर त्याच वेळी शाफ्ट सेकंदाला ४४ फेरे घेत असतो, मिनिटाला २,६०० हून अधिक. टायर, रिम किंवा हबमधला दोष बहुधा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा उमटतो. त्याचा कंप ११ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ११ कंपनांच्या, आसपास असतो आणि अंगाला जवळजवळ सुटासुटा जाणवतो. शाफ्ट असंतुलित किंवा वाकलेला असेल तर कंप ४४ हर्ट्झचा. तो सुटा लागत नाही, त्याची सलग घरघर होते. जॉइंटच्या कोनांत गडबड असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात धक्का दोनदा बसतो, म्हणजे ८८ हर्ट्झ, आणि हा कंप अंगापेक्षा कानाला जास्त लागतो, कारण गाडीच्या बंद डब्यात तो घुमतो. स्वतःच्या गाडीचे आकडे काढायला टायरचा घेर आणि पुस्तिकेतले गुणोत्तर एवढे पुरते. एकदा हे आकडे कागदावर आले की थरथर ही तक्रार न राहता मोजण्याजोगी वस्तू होते.

मोजण्यासाठी फोन पुरतो, पण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. कंपनांची वारंवारता दाखवणारी अ‍ॅप्स फोनमधल्या गतिसंवेदकाचा उपयोग करतात, आणि तो संवेदक सेकंदाला किती नोंदी घेतो यावर सारे अवलंबून असते. सेकंदाला १०० नोंदी घेणारा संवेदक ५० हर्ट्झच्या वरचे कंपन खरे दाखवूच शकत नाही. एवढेच असते तरी चालले असते. पण असे कंपन नुसते गायब होत नाही, ते खोट्या आकड्याचे सोंग घेऊन येऊ शकते. ८८ हर्ट्झचे कंपन अशा संवेदकाला १२ हर्ट्झचे वाटू शकते, आणि आपला चाकाचा आकडा तर ११! म्हणजे दोष जॉइंटच्या कोनांत, आणि आळ येतो निरपराध टायरवर. यावर उपाय असा, की वरची कंपने मायक्रोफोनने, म्हणजे आवाजाचा वर्णपट दाखवणाऱ्या अ‍ॅपने पाहावीत, आणि खालची कंपने फोन आसनाच्या लोखंडी रुळावर घट्ट बांधून संवेदकाने पाहावीत. फोन हाताळायला दुसरा माणूस शेजारी हवा. चालवणाऱ्याने फक्त चालवावे. माझ्या गाडीच्या आलेखात दोन ठिकाणी उंचवटे दिसले, एक ४४ च्या जवळ आणि एक ८८ च्या जवळ. ११ च्या जवळही एक चिमुकला उंचवटा होता. म्हणजे शाफ्टकडे एक नव्हे, दोन वेगळी दुखणी असण्याचा संभव होता, आणि दोन दुखण्यांना एकच औषध लागू पडेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता.

तरीही रस्त्यावरच्या जुन्या कसोट्या सोडू नयेत, कारण त्यांना यंत्र लागत नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर कंपाच्या वेगाला पोचून इंजिन चालू ठेवूनच गिअर न्यूट्रल करावा: कंप तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच सुटले, कारण इंजिनाचे फेरे खाली आले असूनही शाफ्ट आणि चाके त्याच वेगाने फिरत असतात. त्याच वेगाला एक गिअर खाली टाकूनही हेच पडताळता येते. कंप स्टिअरिंगमध्ये जास्त असेल तर आधी पुढच्या चाकांकडे पाहावे, आसनात आणि फरशीत असेल तर मागे. पुढची चाके मागे लावून कंपाची जागा बदलते का हे पाहणे फुकटचे आहे. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर खालच्या बाजूला चपटतात आणि काही किलोमीटर चालल्यावर पूर्ववत होतात, तेव्हा निदान गाडी तापल्यावरच करावे. ब्रेक दाबल्यावरच येणारा कंप हा शाफ्टचा विषय नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारा आणि सोडल्यावर कमी होणारा कंप मात्र जॉइंट आणि कोनांकडे बोट दाखवतो, आणि पुढून रिव्हर्स टाकताना पोटाखालून येणारा ‘खट्ट’ असा आवाज कुठल्या तरी जोडात प्ले, म्हणजे ढिलेपणा, आल्याचे सांगतो.

आता तो दुप्पट आकडा कुठून येतो, याकडे वळतो, कारण साऱ्या प्रकरणातला सगळ्यात रसाळ भाग तोच आहे. सोळाव्या शतकातले इटालियन विद्वान जेरोलामो कार्दानो आणि सतराव्या शतकातले इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक या दोघांची नावे या जॉइंटला चिकटली आहेत. दोन दुबेळकी योक आणि त्यांच्या मध्ये एक क्रॉस, इतकी साधी ही रचना. पण तिचा एक खोडकर गुण असा, की जॉइंट कोनात असताना अलीकडचा दांडा अगदी एकसारखा फिरला तरी पलीकडचा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंश असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंना दीड टक्क्याचा असतो. ३ अंशांना तो टक्क्याच्या सातव्या हिश्शाइतकाच उरतो. म्हणून कोन लहान ठेवतात, आणि म्हणूनच शाफ्टला एक नव्हे, दोन जॉइंट असतात: पुढच्या जॉइंटने घातलेला घोळ मागच्याने निस्तरायचा. हे जमण्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत, आणि दोन्ही जॉइंटचे कोन एकसारखे हवेत. पहिली अट सरकता जोड उघडून एक-दोन दाते चुकवून बसवला की मोडते. दुसरी कोणी हात न लावताही मोडते, कारण जुन्या गाडीची रबरे बसतात आणि स्प्रिंगा चपटतात. कोन शून्य ठेवला की प्रश्न मिटला, असेही नाही. जॉइंट अगदी सरळ रेषेत राहिला तर त्याच्या कपांतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) जागच्या जागी उभ्या राहून क्रॉसच्या पायांवर खाचा पाडतात, म्हणून निदान अर्धा-एक अंश कोन राहू द्यावाच लागतो.

गाडीखाली शिरण्यापूर्वीची शिस्त थोडक्यात सांगतो, कारण तिला पर्याय नाही. जमीन पक्की आणि सपाट हवी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेत, आणि गाडीचा भार जॅकवर नव्हे, स्टँडवर हवा. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही: शाफ्ट उतरवला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी होते, आणि ज्या गाड्यांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे असतो त्यांत हँडब्रेकही निकामी होतो. मागची चाके अधांतरी ठेवून, गिअर टाकून, खालून शाफ्ट पाहण्याचा प्रकार मी करत नाही. फिरत्या शाफ्टला बाही किंवा केस अडकायला क्षण पुरतो, आणि शिवाय ॲक्सल लोंबकळत असताना जॉइंटचे कोन रस्त्यावरचे राहतच नाहीत, त्यामुळे तिथे दिसलेल्या कंपावरून काढलेला निष्कर्षही फसवा असतो.

इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, मागची चाके उचललेली, अशा स्थितीत शाफ्ट हाताने फिरवत नीट पाहावा. नळीवर पोचा आहे का, चिखलाचे किंवा डांबराचे ढेकूळ चिकटले आहे का, वेल्डिंगचे दोन ठिपके उघडे दिसून मधली बॅलन्सची पट्टी गळून गेली आहे का, हे डोळ्यांनीच कळते. मागच्या जॉइंटपाशी मला जे दिसले ते असे: क्रॉसच्या दोन कपांच्या सीलभोवती विटकरी रंगाची बारीक पूड बसली होती, बोटाने पुसली तर कोरडी, ग्रीसचा लवलेशही नसलेली. ही पूड म्हणजे आतल्या सुयांचा आणि क्रॉसच्या पायांचा गंज. वंगण संपून पाणी शिरलेला जॉइंट हलक्या वेगाला चिकचिक वाजतो, पुढे वाजायचाही थांबतो आणि मग अशी पूड ओकतो. एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्याने पिनियनचा फ्लँज (डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेली, शाफ्ट जोडायची चकती) धरून उलटसुलट पिळला तेव्हा प्ले फार नव्हता; नुसत्या पिळून पाहण्यावर विसंबलो असतो तर जॉइंट ठीक आहे असेच ठरले असते.

उतरवण्याआधी फ्लँजपासून फ्लँजपर्यंत, आणि सरकत्या जोडाच्या दोन्ही बाजूंना, रंगाच्या खुणा करून घेतल्या. खडूच्या खुणा तेलकट हाताने पुसल्या जातात, रंगच बरा. शाफ्ट खाली आल्यावर मागचा योक चारी दिशांना हलवून पाहिला. एका दिशेने तो मुलायम फिरला, दुसऱ्या दिशेने मात्र मधोमध एका जागी अडकला, किंचित जोर लावल्यावर सुटला, आणि परत तिथेच येऊन बसला. कप काढल्यावर कारण उघडे पडले: क्रॉसच्या दोन पायांवर सुयांच्या जाडीच्या बारीक समांतर खाचा उमटल्या होत्या, नखाला स्पष्ट लागतील अशा. जॉइंट मोकळा न झाल्यामुळे शाफ्टचे टोक फिरताना दर फेऱ्याला मध्यरेषेपासून किंचित ढकलले जात होते.

नवा क्रॉस बसवणे हे ताकदीचे काम नाही, तरी ते तसेच केले जाते. सर्क्लिप (कप जागेवर धरणाऱ्या कड्या) काढून, बेंच व्हाइसमध्ये एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठा सॉकेट धरून जुने कप बाहेर ढकलावेत, योकची छिद्रे साफ करावीत, आणि नवा कप बसवताना आतल्या सुया ग्रीसने भिंतीला चिकटवून क्रॉसचा पाय त्यात आधी अलगद शिरवून मगच दाब द्यावा. एखादी सुई निसटून कपाच्या तळाशी आडवी पडली तर कप शेवटच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरला अडतो आणि सर्क्लिपची खाच उघडी होत नाही. अशा वेळी हातोडा उचलण्याचा मोह होतो. कप परत काढून आत पाहणे हाच शहाणपणा. दोन्ही सर्क्लिप बसल्यावरही जॉइंट जड वाटला तर योकच्या कानांवर हलके ठोके द्यावेत, म्हणजे कप बाहेर सरकून सर्क्लिपला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीसगन चालवली, खुणा जुळवून शाफ्ट चढवला, आणि फ्लँजचे बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळले. हे बोल्ट साधे नसतात. हाताशी आहे तो बोल्ट तिथे घालू नये.

पुढच्या फेरीत ४४ चा उंचवटा निम्म्याहून खाली आला. ८८ चा जागचा हलला नाही, आणि घुमणेही तसेच राहिले. मला याचा आनंदच झाला, कारण आकडे खरे बोलत होते. कोन मोजायला गाडी स्वतःच्या भारावर, चारही चाकांवर उभी हवी. म्हणून चारही चाकांखाली रॅम्प घेतले. गिअरबॉक्सच्या मागचा फ्लँज, शाफ्टची नळी आणि पिनियनचा फ्लँज या तिन्हींचा उतार डिजिटल कोनमापकाने घेतला. गाडी अगदी समपातळीत नसली तरी चालते, कारण आपल्याला फरकाशीच कर्तव्य असते. पुढच्या जॉइंटचा कोन १ अंश निघाला, मागचा २ अंशांच्या किंचित पुढे. दोन्ही कोन लहानच, एकेकटे पाहिले तर निर्दोष. पण ते एकसारखे नव्हते. गिअरबॉक्सच्या शेपटीखालचे रबर तेल पिऊन फुगले आणि मग पिचले होते, त्यामुळे शेपटी दोनेक सेंटिमीटर खाली बसली होती.

नवे रबर बसवल्यावर शेपटी वर उचलली गेली आणि दोन्ही कोन वाढून ३ अंशांच्या जवळ पोचले. घुमणे थांबले. कोन वाढले आणि कंप गेला, हे ऐकायला उफराटे वाटते. पण जॉइंटला कोनाच्या आकाराइतकेच, किंबहुना या मर्यादेत त्याहून जास्त, कोनांच्या समानतेचे महत्त्व असते. कोन कमी करायचा म्हणून स्प्रिंग आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर ठोकण्याचा उपाय सुचवला जातो. तो उंची मुद्दाम वाढवलेल्या गाडीत योग्य असतो. माझ्या गाडीत पिचलेल्या रबराच्या जागी नवे रबर हाच उपाय होता, आणि पाचर घातली असती तर एका बिघाडाला दुसरा जुळवून दिल्यासारखे झाले असते.

उरलेल्या ४४ चा बंदोबस्त होज क्लॅम्पने, म्हणजे रबरी नळी आवळायच्या स्क्रूच्या पट्टीने, केला. असंतुलनाचा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, हे इथे आकड्यांत पाहण्याजोगे आहे: मध्यरेषेपासून ४ सेंटिमीटरवर चिकटलेले १० ग्रॅम, ताशी ८० ला सुमारे ३ किलो वजनाइतक्या जोराने शाफ्टला बाहेर ओढतात, ताशी ४० ला हाच जोर पाऊण किलोवर येतो. शाफ्टच्या मागच्या टोकाजवळ खडूने चार भाग आखून, स्क्रूचे डोके एका भागावर येईल असा क्लॅम्प घट्ट आवळायचा, रस्त्यावर तोच वेग गाठून आकडा लिहायचा, आणि डोके पुढच्या भागावर फिरवून पुन्हा तेच करायचे. सर्वांत कमी कंपाची जागा सापडली की दुसरा क्लॅम्प त्याच जागी लावून पाहायचा, आणि जास्त झाले तर दोन्ही डोकी एकमेकांपासून सारखी दूर सरकवत न्यायची. कंटाळवाणे काम आहे, पण प्रत्येक फेरीनंतर आकडा सरकताना दिसतो. क्लॅम्प अर्थात फरशीला, ब्रेकच्या नळीला किंवा एक्झॉस्टला घासत नाहीत ना, हे स्प्रिंगांचा पूर्ण प्रवास धरून तपासावे लागते.

घरच्या घरी याच्या पुढे जाता येत नाही अशा जागाही आहेत. नळीच्या मधोमध डायल गेज लावून शाफ्ट हाताने फिरवला आणि काटा पुस्तिकेतल्या मर्यादेपलीकडे गेला, तर नळी वाकली आहे. तिला क्लॅम्प हे उत्तर नाही, ते बॅलन्सिंग यंत्राचे आणि लेथचे काम. सरकत्या जोडाचे दाते झिजून शाफ्ट वरखाली हलत असेल, किंवा पिनियनचा फ्लँज धरून हलवल्यावर बेअरिंगमध्ये प्ले लागत असेल, तर बॅलन्स केलेला शाफ्टही टिकून राहत नाही. आणि शाफ्ट लांब असेल तर एका ठराविक फेऱ्यांना तो उड्या मारायच्या दोरीसारखा मधोमध फुगू पाहतो. ही मर्यादा नळीच्या व्यासासोबत वाढते आणि लांबीच्या वर्गाच्या पटीत घटते, म्हणूनच लांब गाड्यांत शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंग देतात. अशा गाडीत निघतानाच हादरा बसत असेल तर आधी त्या बेअरिंगचे रबर पाहावे.

काहीशे किलोमीटरनंतर फ्लँजचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, जॉइंटला पुन्हा ग्रीस दिले आणि क्लॅम्पची डोकी जागची हलली नाहीत हे रंगाच्या खुणेवरून पाहिले. आवाजाच्या वर्णपटात आता ४४ आणि ८८ जवळ काही शोधावे लागते. ११ चा तो चिमुकला उंचवटा मात्र आहे तिथेच आहे, आणि पुढची चाके मागे टाकली तेव्हा तो स्टिअरिंगमधून आसनात आला, म्हणजे तो एका टायरचा आहे. टायर झिजून बदलायला येईपर्यंत तो राहिला तरी माझी हरकत नाही.